पेम्फिगस : गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत

वर्ध्यालगतच्या नालवाडीस विनोबाजी १९३२ साली राहावयास आले. त्यांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य आरंभिले. त्वचेचा रोग माणसाला आप्तांपासून कसा तोडतो, हे या परिसराने जवळून पाहिले आहे. अंगावर फोड उठले की आजही पुष्कळदा रुग्णाचे ताट व अंथरूण वेगळे केले जाते. पेम्फिगसच्या रुग्णाला असे दूर ठेवण्याचे कारण नाही. हा रोग संसर्गजन्य नाही.

त्वचेच्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी परस्परांस जोडलेल्या असतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांवर उलटते. पेशी सुट्या होतात, नाजूक फोड येऊन फुटतात. अनेकांच्या बाबतीत आरंभ तोंडातील न भरणाऱ्या जखमांनी होतो. निदानासाठी त्वचेचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो.

स्टिरॉइड औषधे येण्यापूर्वी हा रोग बहुधा प्राणघातक ठरे. प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनी हे चित्र पालटले. मात्रा रोगाच्या तीव्रतेनुसार व वजनानुसार ठरते. नवे फोड थांबून जखमा भरू लागल्यावर ती पायरीपायरीने उतरविली जाते. मात्रा कमी करता यावी म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅब यांसारख्या औषधांची जोड दिली जाते.

खरा धोका फोड सुकल्यावर संभवतो. बरे वाटते, पेरणीचे दिवस येतात, आणि गोळ्या एकाएकी बंद होतात. काही आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आपले काम मंदावतात. अशा वेळी औषध अचानक तोडल्यास उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणे, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. रोगही पुन्हा उसळतो. उलट, तपासणीविना जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या घेत राहिल्यास मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज, मोतीबिंदू व क्षयरोग यांचा धोका वाढतो.

म्हणून आम्ही रुग्णांस आग्रहाने सांगतो : गोळी सकाळी खाल्ल्यानंतर घ्यावी, रक्तशर्करा, रक्तदाब व वजन नियमित तपासावे, ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी स्टिरॉइड चालू असल्याचे डॉक्टरांस प्रथम सांगावे, औषधाची चिठ्ठी सदैव जवळ बाळगावी. गोळ्या संपण्याआधीच पुढील तपासणीस यावे. कुटुंबीयांनी रुग्णास पंक्तीत सोबत बसवावे आणि त्याच्या गोळ्यांचा हिशेब ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.