चांगला पोलीस कसा ओळखावा?

गावात पोलिसांची गाडी आली की आपण काय म्हणतो? "काय झालं हो? कोणाकडे आली?" गाडी आली म्हणजे काहीतरी वाईट घडले, असेच आपण धरून चालतो. रडणाऱ्या पोराला आई पोलिसाचीच भीती घालते. पण पोलीस काही आभाळातून पडत नाही. तो शेतकऱ्याचा, कामकऱ्याचाच मुलगा असतो. त्यांत कोणी चांगला असतो, कोणी वाईट. वाइटाची तक्रार करावी, हे आपल्याला कळते. चांगल्याचा मान करावा, हे मात्र आपण विसरतो. म्हणून आज आम्ही हा धडा लिहीत आहोत.

शौर्याचा मान

पहिली गोष्ट तुकाराम ओंबळे यांची. सातारा जिल्ह्यात जावळी तालुका आहे. तिथले केडंबे हे त्यांचे गाव. आधी ते फौजेत होते. मग मुंबईच्या पोलीस दलात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर अतिरेक्यांनी हल्ला केला. गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी त्यांची मोटार अडवली. ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. समोर बंदूक होती. त्यांनी त्या बंदुकीची नळीच धरून ठेवली. अंगात गोळ्या शिरल्या, तरी सोडली नाही. ओंबळे गेले, पण अतिरेकी जिवंत हाती लागला. २६ जानेवारी २००९ रोजी देशाने त्यांना मरणोत्तर अशोक चक्र दिले. शांततेच्या काळातल्या शौर्याचा हा सर्वांत मोठा मान आहे.

सरकार पोलिसांना दरवर्षी पदके देते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी राष्ट्रपतींच्या पदकांची नावे जाहीर होतात. काही पदके शौर्यासाठी असतात, काही लांबच्या चोख सेवेसाठी. आपल्या राज्यात पोलीस महासंचालकांचे सन्मानचिन्हही असते. हे सारे योग्यच आहे. जीव देणाऱ्याला मान मिळालाच पाहिजे.

पण एक काम असे आहे, की ते डोळ्यांना दिसतच नाही.

जे घडले नाही, त्याचे काय?

आपल्या खानदेशात केळीच्या बागेभोवती शेवरी लावतात. ती कशासाठी? वारा अडवण्यासाठी. वादळ सुटले आणि बाग उभी राहिली, तर बागाईतदार केळीचे कौतुक करतो. शेवरीकडे कोण बघतो? काही पोलीस या शेवरीसारखे असतात. त्यांच्यामुळे भांडण होत नाही, आग लागत नाही, माणूस मरत नाही. जे झालेच नाही, त्याची बातमी येत नाही. त्याला पदकही सहसा मिळत नाही.

अशा कामाची एक खरी गोष्ट ऐका. ती ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीची आहे. भिवंडी म्हणजे यंत्रमागाचे गाव. आपल्या जळगावचे आणि भिवंडीचे एक दुःख जोडलेले आहे. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. दुसऱ्या दिवशी ती जळगावात पेटली. दोन्ही गावे मिळून शंभराहून अधिक माणसे मेली. घरे जळाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींची चौकशी केली. पण भिवंडीचे दुखणे बरे झाले नाही. १९८४ साली तिथे पुन्हा मोठी दंगल झाली.

१९८८ साली सुरेश खोपडे हे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी साधा विचार केला. दंगल झाल्यावर पोलीस धावतात. लाठी चालते, गोळी चालते. पण मेलेला माणूस परत येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? विहीर आधीच खणली पाहिजे.

मग त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या नेमल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. समितीत हिंदूही होते, मुसलमानही होते. मोठे पुढारी नव्हे, तर रोजच्या व्यवहारातली साधी माणसे घेतली. पोलीसही त्यांच्यात येऊन बसू लागले. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. लहानसहान कुरबुरी तिथल्या तिथे मिटू लागल्या.

याचा उपयोग काय झाला? अफवा कशी पसरते ते बघा. "अमक्या गल्लीत आपल्या माणसाला मारलं," असे कोणीतरी बोलतो. त्या गल्लीत आपल्या ओळखीचे कोणी नसेल, तर आपल्याला ते खरे वाटते. रक्त तापते. पण त्या गल्लीत ओळखीचा माणूस असेल, तर आपण त्यालाच विचारतो, "काय रे, खरं का?" तो सांगतो, "छे! इथं तर काहीच नाही." अफवा तिथेच मरते.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. देशात ठिकठिकाणी दंगली झाल्या. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी या दोन महिन्यांत सुमारे ९०० माणसे मेली. मुंबई जळत होती. भिवंडी तिच्या शेजारीच. सर्वांना वाटले, आता भिवंडीही पेटणार. पण भिवंडी शांत राहिली.

पुढे मुंबईनेही हा धडा घेतला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि समाजसेविका सुशोभा बर्वे यांनी तिथे मोहल्ला समित्यांचे काम उभे केले.

शेवरीला पाणी घालावे लागते

तुम्ही विचाराल, समिती नेमली की झाले का? नाही. शेवरी एकदा लावून भागत नाही. २००६ साली भिवंडीत पुन्हा दंगा झाला. जमावाने दोन पोलीस शिपायांना मारून टाकले. पोलिसांच्या गोळीबारातही माणसे मेली. ओळख रोज राखावी लागते. बोलणे बंद पडले, की संशय वाढतो.

आपल्या धुळ्याचेच बघा. ६ जानेवारी २०१३ रोजी तिथे दंगल झाली. कारण काय? खाण्याच्या बिलावरून झालेला वाद! पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. पोलिसांच्या वागण्याबद्दलही तक्रारी झाल्या. बिल ते केवढे आणि त्याची किंमत केवढी! वेळीच दोघा-चौघांनी मध्ये पडून ते भांडण थोपवले असते, तर सहा घरांत अंधार झाला नसता.

खेड्यात हे काम कोणाचे? पोलीस पाटलाचे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्याने त्याची नेमणूक होते. गावात काही बिघडत असेल, तर वेळेवर ठाण्याला कळवणे हे त्याचे काम. २००७ साली राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच समजुतीने मिटवावे, असा तिचा हेतू. चांगले काम करणाऱ्या गावांना सरकारने बक्षिसे दिली.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खून, बलात्कार, बायकांचा छळ, दलित-आदिवासींवरचा अत्याचार ही गावात मिटवायची भांडणे नव्हेत. त्यांची फिर्याद ठाण्यातच गेली पाहिजे. असे प्रकरण दाबणारा पोलीस शांतता राखत नाही. तो अन्याय झाकतो.

मग चांगला पोलीस ओळखायचा कसा?

आम्ही चार खुणा सांगतो.

१. तो गरिबाची फिर्याद लिहून घेतो. त्याची नक्कल फुकट देतो. पैसे मागत नाही.

२. तो भांडण होण्याआधी गावात येतो. नुसता नंतर येत नाही.

३. तो दोन्ही बाजूंचे ऐकतो. जात, धर्म, श्रीमंती बघत नाही.

४. तो बदलून गेला, तरी त्याने घातलेली घडी मोडत नाही.

असा पोलीस भेटला तर काय करावे? हार-तुरे, भेटवस्तू, जेवणावळी नकोत. भेटवस्तूची पुढे लाच होते. त्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करा. आणि तुम्हाला आता लिहिता येते. मग पत्र लिहा. ते असे लिहावे :

*मा. पोलीस अधीक्षक, जळगाव (किंवा धुळे) यांस,*

*सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.*

*आमच्या गावी ...... या तारखेला ...... यावरून वाद वाढला होता. आपल्या ठाण्याचे ...... हे स्वतः आले. त्यांनी दोन्ही बाजूंना एकत्र बसवले आणि समजूत घातली. गावात कोणालाही इजा झाली नाही. त्यांच्या या कामाची नोंद व्हावी, ही विनंती.*

*आपले,*
*ग्रामस्थ, मु. पो. ......*
*(सह्या)*

पत्रात "फार थोर आहेत, देवमाणूस आहेत" असे लिहू नका. काय घडले, कधी घडले, त्यांनी काय केले, तेवढेच लिहा. खरी हकिकत वाचून वरच्या साहेबांना कळते, की या माणसाने काय केले. सह्या सर्व आळ्यांतल्या माणसांच्या घ्या. बायकांच्याही घ्या. एकाच आळीची सही असली, तर पत्राला वजन येत नाही.

विचार करा आणि बोला

१. तुकाराम ओंबळे यांना कोणता मान मिळाला? कशासाठी?

२. १९९२ साली भिवंडी शांत का राहिली?

३. तुमच्या गावात भांडण मिटवण्यासाठी कोण पुढे येतो? त्याला कोणी कधी शाबासकी दिली आहे का?

४. वरचे पत्र तुमच्या गावाचे नाव घालून वहीत लिहून काढा.