श्रमजीवी स्त्रीचें भांडवल



व्यापाऱ्याचें भांडवल दुकानांत असतें, शेतकऱ्याचें जमिनींत. पण जी स्त्री रोजंदारीवर पोट भरते तिचें भांडवल कोणतें? तिचें शरीर, हेंच उत्तर द्यावें लागेल. तें खचलें कीं मिळकत खचते. म्हणून त्याचें रक्षण कसें करावें, ह्याचा आज थोडा विचार करूं.

नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें पावसाळा सरल्यावर ऊंसतोडीसाठीं गुजराथेंतही जातात. ह्या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल कामांतून फेडावयाची असते. खाडा झाला कीं मजुरी जाते, व पुष्कळदां वर दंडही पडतो. मग मासिक पाळी असो कीं पोटांतील कळ, बाई डोक्यावर मोळी घेऊन चालतेच. फडाजवळच्या खोपटांत बहुधा शौचकूप नसतो व पाणीही अपुरें असतें. त्यामुळें जंतुसंसर्ग होतो, आणि तो अंगावर काढला जातो.

ह्याचें टोंक बीड जिल्ह्यांत दिसलें. २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या चौकशींत ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी झाली; त्यांपैकीं १३,८६१ जणींचें, म्हणजे सुमारें दर सहा जणींत एकीचें, गर्भाशय काढलेलें आढळलें. खाडा टळावा हें त्यामागील एक कारण होतें. परंतु गर्भाशयाबरोबर अंडाशयेंही काढल्यास रजोनिवृत्ति तत्काळ येते व हाडें लवकर ठिसूळ होतात. ज्या मजुरीसाठीं शस्त्रक्रिया केली, ती मजुरी करण्याची शक्तिच अशा रीतीनें हरपते.

आणि आई अंथरुणाला खिळली कीं तिचा कोयता थोरल्या मुलीच्या हातीं येतो, व वर्गांतील एक जागा रिकामी होते.

तेव्हां उपाय आधींच व्हावयास पाहिजे. तोडीस निघण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत रक्त तपासून घ्यावें. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास तो पंडुरोग समजावा. लोहाच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात; त्या चहाबरोबर घेऊं नयेत. आपल्या भिल्ल व पावरा बांधवांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग आढळतो; म्हणून त्याचीही तपासणी करावी, व रोग निघाल्यास गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्याव्या. ह्या रोगाच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. अंगावरून पांढरें जाणें, ओटीपोट दुखणें, हीं दुखणीं लाजेनें लपवूं नयेत. आरंभीं तीं बहुधा औषधानेंच बरीं होतात. कोणी पिशवी काढण्यास सांगितलें तर दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्यावांचून होकार देऊं नये.

मात्र हा सर्व भार एकट्या बाईवर टाकणें न्याय्य नव्हे. फडावर स्वच्छ पाणी, शौचकूप आणि दुखण्याच्या दिवशीं दंडावांचून विश्रांति, हें पाहणें मुकादमाचें व कारखान्याचें कर्तव्य आहे.

मुलांनो, हा लेख घरीं आईला वाचून दाखवा. पालकहो, आपण तो ऐकून तपासणीचा दिवस ठरवा. आजाऱ्याची सेवा करणें ही प्रीति खरीच. पण आजार येऊं नये म्हणून वेळींच झटणें ही प्रीतीची अधिक शहाणी रीत होय.