आरोग्यविमा : उपचार कोण ठरवितो?

गेल्या पावसाळ्यात दहावीतील एक विद्यार्थिनी मधल्या सुटीत माझ्याकडे एक कागद घेऊन आली. कागद इंग्रजीत होता आणि घरात इंग्रजी वाचणारी ती एकटीच. कुळागरात पाय घसरून तिच्या आजोबांच्या मांडीचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया होऊन ते घरी आले. बिल घरच्यांनी इकडूनतिकडून पैसे जमवून भरले. आणि आता विमा कंपनीने कळविले होते की 1,60,000 रुपयांपैकी 96,000 रुपयेच मंजूर होत आहेत. "सर, पॉलिसी तर तीन लाखांची आहे. मग हे चौसष्ट हजार कापले कशाला?" असा तिचा सरळ प्रश्न होता. त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नाही. कागद ठेवून घेतला आणि पुढील काही आठवडे, वह्या तपासण्यातून सवड मिळेल तसे, या विषयाचे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहे.

आपण आजारी पडलो म्हणजे उपचार कोणता करावयाचा हे डॉक्टर ठरवितात, अशी आपली समजूत असते. माझ्या आजीच्या काळी ती खरीही होती. तिच्या कोंकणीतला 'दोतोर' सांगेल ते वखद घ्यावयाचे, आणि पैसे कधी रोख, तर कधी नारळांचे पाडप झाल्यावर द्यावयाचे. आज रोगी आणि दोतोर यांच्यामध्ये एक तिसरा पक्ष येऊन उभा राहिला आहे. तो रोग्याची नाडी पाहत नाही. परंतु पैसे तोच देतो, आणि म्हणून कोणता उपचार, किती दिवस, कोणत्या रुग्णालयात व किती खर्चापर्यंत, या सर्व गोष्टींत त्याचा शब्द चालतो. हा पक्ष म्हणजे आरोग्ययोजना. मग ती सरकारची असो वा खाजगी विमा कंपनीची.

अशी योजना कोणत्या गरजेतून निर्माण होते हे पाहावयाचे असेल, तर 1933 साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात काय घडले ते पाहणे उपयोगी पडेल. कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेण्यासाठी तेथे मोठ्या कालव्याचे काम चालू होते आणि हजारो कामगार तंबूंत राहत होते. सिडनी गारफील्ड नावाच्या तरुण शल्यचिकित्सकाने तेथे बारा खाटांचे एक छोटे रुग्णालय काढले. रोग्यांची वाण नव्हती, पण पैशाची होती. कामगारांच्या विमा कंपन्या बिले वेळेवर फेडीत नसत, आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याला परत पाठविणे गारफील्ड यांच्या स्वभावात नव्हते. रुग्णालय बुडण्याच्या बेतास आले. तेव्हा हॅरॉल्ड हॅच नावाच्या विमा व्यवहारातील एका गृहस्थाने तोड सुचविली : प्रत्येक उपचाराचे बिल मागण्याऐवजी दर कामगारामागे दिवसाला 5 सेंट आगाऊच घ्यावे, आणि त्या रकमेत कामावरील अपघातांचे सर्व उपचार करावे. कामाबाहेरच्या आजारांसाठी कामगाराने आपल्या मजुरीतून आणखी 5 सेंट द्यावे. रुग्णालय तरले.

येथपर्यंत ही हिशेबाची गोष्ट झाली. तिच्यातला खरा पालट पुढे दिसून आला. पूर्वी जितके जखमी अधिक, तितके डॉक्टरचे उत्पन्न अधिक. आता पैसे आधीच हाती आलेले. म्हणजे जखमी जितके कमी, तितकी शिल्लक अधिक. सांगतात की गारफील्ड पुढे स्वतः कामाच्या जागी फिरून फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घेण्याविषयी आग्रह धरू लागले. कारण पायात खिळा शिरलेले कामगार त्यांच्याकडे वारंवार येत. हिशेबाची मांडणी बदलताच वैद्याचे लक्ष जखमेवरून खिळ्याकडे वळले! 1938 मध्ये ग्रँड कूली धरणावर आणि नंतर महायुद्धाच्या काळात रिचमंडच्या जहाजबांधणी कारखान्यांत उद्योगपती हेन्री कायझर यांनी हीच पद्धत उचलली. 1945 मध्ये ती सर्वसामान्य जनतेसाठी खुली झाली, आणि आज 'कायझर पर्मनन्टे' या नावाने तिचे 1 कोटी 20 लाखांहून अधिक सभासद आहेत. आपल्या देशात तिच्याशी सर्वांत जवळचे नाते सांगावयाचे तर ते 1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेचे. तिचा प्रारंभ 1952 मध्ये कानपूर व दिल्ली येथे झाला, आणि गोव्यात मडगावला तिचे रुग्णालय आहे. 2019 पासून तिच्यात कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के व मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी घेतली जाते.

परंतु आगाऊ पैसे घेणाऱ्याला दोन मार्ग मोकळे असतात, हे विसरता कामा नये. एक, खिळा ठोकणे. दुसरा, खिळा लागलेल्या माणसाला "तुला उपचारांची गरज नाही" असे सांगणे. शिल्लक दोन्ही मार्गांनी पडते! उलटपक्षी, प्रत्येक कृतीमागे पैसे मिळत असतील तर मोह नको ते उपचार करण्याचा होतो. याचे आपल्याच देशातील कटू उदाहरण द्यावयाचे तर, गरीब कुटुंबांसाठी 2008 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय होती. 2012 मध्ये छत्तीसगडमधील काही रुग्णालयांनी केवळ ती रक्कम मिळविण्यासाठी स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अनावश्यक शस्त्रक्रिया केल्याचे आरोप पुढे आले, आणि त्यावर चौकश्या झाल्या. म्हणून 'तिसरा पक्ष मध्ये नकोच' असे म्हणणेही सोपे नाही. त्या स्त्रियांच्या बाबतीत, शस्त्रक्रियेपूर्वीच "ही कशासाठी?" असे विचारणारा कोणीतरी असावयास हवा होता.

या विचारण्यालाच पूर्वमान्यता म्हणतात. रुग्णालय रोग्याचे कागद, तपासण्या व अंदाजे खर्च योजनेकडे पाठविते. तेथील वैद्यकीय अधिकारी ते पाहून होकार, नकार किंवा आणखी कागदांची मागणी कळवितो. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दर कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेस तेथे अशी मान्यता आधी घ्यावी लागते. त्या योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेची एकूण रक्कमही आधीच ठरलेली असते, त्यामुळे बिल फुगविण्यास वाव कमी राहतो. गोव्याची दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना 2016 ची, म्हणजे तिच्याही आधीची. तिचे कार्ड आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. पण कोणकोणते उपचार त्यात बसतात याची यादी किती घरांनी वाचली असेल?

खर्च आवरण्याचा दुसरा उपाय म्हणजे बिलाचा काही वाटा रोग्यावर टाकणे. याचा परिणाम काय होतो याविषयी रँड या संस्थेने अमेरिकेत 1974 ते 1982 या काळात एक मोठा प्रयोग केला. 2,750 कुटुंबे घेऊन, जणू चिठ्ठ्या टाकून, त्यांतील काहींना उपचार संपूर्ण मोफत ठेवले आणि इतरांवर खर्चाचा कमीअधिक वाटा टाकला. ज्यांना स्वतःचे पैसे मोजावे लागले ते डॉक्टरकडे कमी गेले, हे अपेक्षितच होते. बोधप्रद भाग पुढेच आहे : त्यांनी अनावश्यक उपचार जेवढे टाळले, जवळजवळ तेवढेच आवश्यक उपचारही टाळले. सरासरी मनुष्याच्या प्रकृतीवर याचा फारसा परिणाम दिसला नाही; पण जे गरीब होते आणि ज्यांना रक्तदाबाचा विकार होता, त्यांचा रक्तदाब मोफत गटातील त्यांच्यासारख्या रोग्यांइतका आटोक्यात राहिला नाही. गरजेचे कोणते आणि बिनगरजेचे कोणते हे ओळखणे घरी बसलेल्या रोग्याला जमत नाही. मग ते ओळखण्याचे काम कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि आपण पुन्हा मूळ प्रश्नावर येतो : त्या अधिकाऱ्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

अमेरिकेत हा प्रश्न बाळंतिणींमुळे ऐरणीवर आला. 1973 च्या कायद्याने आगाऊ वर्गणीच्या योजनांना तेथे उत्तेजन मिळाले होते. 1990 नंतर त्यांपैकी काहींनी खर्च वाचविण्यासाठी बाळंतिणीला एका दिवसातच घरी पाठविण्याचा शिरस्ता पाडला. लोक इतके संतापले की 1996 मध्ये तेथील संसदेला कायदाच करावा लागला : साध्या बाळंतपणानंतर 48 तास आणि शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणानंतर 96 तासांच्या मुक्कामाचा खर्च योजनेला नाकारता येणार नाही. 2010 च्या कायद्याने योजनेने नाकारलेल्या उपचाराविषयी बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे दाद मागण्याचा हक्क देशभर विस्तारला. योजनांचा दर्जा मोजण्यासाठी 1990 पासून तेथे एक स्वतंत्र संस्था काम करीत आहे. किती बालकांना वेळेवर लसी मिळाल्या, किती रोग्यांचा रक्तदाब आटोक्यात राहिला, असले आकडे ती प्रसिद्ध करते. आपल्याकडे रुग्णालयांचा दर्जा तपासणारे राष्ट्रीय मंडळ 2005 मध्ये स्थापन झाले. त्याची मान्यता मिळविणाऱ्या रुग्णालयास जन आरोग्य योजनेत ठरलेल्या दराहून अधिक रक्कम देण्याची तरतूद करण्यात आली. चांगल्या कामाला जास्त पैसे, ही कल्पना मला गारफील्डच्या खिळ्याच्या कुळातली वाटते.

आता त्या विद्यार्थिनीच्या कागदाकडे वळू. कोडे त्रैराशिकाचे निघाले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 3,000 रुपये होती. घरच्यांनी घेतलेल्या खोलीचे भाडे 5,000. अशा वेळी कंपनी केवळ वरचे 2,000 कापून थांबत नाही. महागड्या खोलीतील रोग्याला शस्त्रक्रियेचे शुल्कही चढे लागते, या कारणास्तव ती इतर खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे तीनपंचमांश, मान्य करते. 1,60,000 चे 96,000 असे झाले होते. रुग्णालयात खोली निवडताना हे त्यांना कोणीही सांगितले नाही.

परंतु हिशेबात एक चूक होती, आणि ती त्या मुलीच्याच नजरेस आली. पॉलिसीतील बारीक अक्षरांच्या एका कलमात म्हटले होते की औषधे, तपासण्या आणि शरीरात बसविलेली साधने यांना ही प्रमाणशीर कपात लागू नाही. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने 2020 मध्येच कंपन्यांना तसे बजावले होते. औषधे, तपासण्या व मांडीत बसविलेली पट्टी यांचे मिळून 50,000 रुपये होते. त्यांतून कापलेले 20,000 परत मिळावयास हवे होते. मग आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यास पत्र लिहिले. मसुदा तिचा, व्याकरण तेवढे मी पाहिले. कलमाचा क्रमांक, तीन ओळींचे गणित आणि बिलाची प्रत, एवढेच त्यात होते. रागाचा एकही शब्द नव्हता. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हेही आम्ही शोधून ठेवले होते.

तेथवर जाण्याची पाळी आली नाही. चोविसाव्या दिवशी 20,000 रुपये खात्यात जमा झाले. उरलेले 44,000 मात्र कुटुंबालाच सोसावे लागले. पॉलिसीच्या अटींप्रमाणे ती कपात बरोबरच होती. आजोबा आता काठी टेकीत कुळागराच्या गडग्यापर्यंत जातात. पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली आहे, आणि हप्ता थोडा वाढवून खोलीभाड्याची मर्यादा काढून घ्यावी की नाही, यावर त्यांच्या घरात अजून एकमत झालेले नाही.