एकाच वेळी घडणाऱ्या क्रिया व त्यांची इंग्रजी वाक्यरचना

मराठी भाषेत ‘-ताना’ हा एकच प्रत्यय कितीतरी कामे निभावून नेतो. ‘आई दळत असताना मूल खेळत होते’, ‘शाळेत येताना पाऊस लागला’, ‘तो चालताना गातो’ या तिन्ही वाक्यांत दोन क्रियांचा काळ जुळतो. परंतु तो जुळण्याची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी आहे. मराठी वाचकास ही निराळी रीत संदर्भावरून कळते. इंग्रजीत मात्र ती शब्दयोजनेने व क्रियापदाच्या काळाने दाखवावी लागते. आपल्या राज्यात इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. त्यामुळे अशा वाक्यरचनेच्या बऱ्यावाईट सवयी जडण्याचे ठिकाण आता प्राथमिक शाळा हेच होय. (पुढील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, फळ्यावर ती रोमन लिपीतच लिहावीत.)

दोन क्रिया काही अवधीपर्यंत बरोबरीने चालू असतील तर ‘व्हाइल’ हा शब्द योजावा. हा शब्द मुळात नाम असून त्याचा अर्थ ‘काही वेळ’ असा होता. ‘फॉर अ व्हाइल’ या प्रयोगात तो अर्थ आजही टिकून आहे. म्हणून ‘व्हाइल’ म्हणजे ‘तेवढ्या अवधीत’ असे मुलांना सांगितले की त्याचा उपयोग सहज ध्यानात येतो. उदाहरणार्थ, ‘व्हाइल द मदर वॉज ग्राइंडिंग, द चाइल्ड वॉज प्लेइंग’. याच अर्थाचा ‘ड्युरिंग’ हा शब्द नामापूर्वी येतो, पूर्ण वाक्यापूर्वी येत नाही. ‘ड्युरिंग द लेसन’ म्हणावे, परंतु ‘व्हाइल द लेसन वॉज गोइंग ऑन’ असे म्हणावे.

एक क्रिया चालू असता दुसरी क्षणमात्र घडून गेली, तर त्या क्षणिक क्रियेपूर्वी ‘व्हेन’ यावे आणि चालू क्रिया अपूर्ण भूतकाळात ठेवावी. येथे काळाची चूक झाल्यास अर्थ किती पालटतो हे शिक्षकबंधुभगिनींनी अवश्य पाहावे. ‘व्हेन द ऑफिसर केम, द टीचर वॉज टीचिंग’ म्हणजे अधिकारी आले तेव्हा गुरुजी शिकवीत होते. हेच वाक्य ‘व्हेन द ऑफिसर केम, द टीचर टॉट’ असे लिहिले तर अधिकारी आल्यावर गुरुजींनी शिकविण्यास आरंभ केला, असा अर्थ निघतो! शब्द तेच; एका काळाने बिचाऱ्या गुरुजींची अब्रू घेतली. शेरेबुकात इंग्रजीत नोंद करणाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

‘जेव्हा–तेव्हा’ ही आपली जोडी इंग्रजीत जशीच्या तशी नेण्याचा मोह मुलांना फार होतो. ‘व्हेन द बेल रँग, दॅट टाइम वी वेअर रायटिंग’ अशी वाक्ये वह्यांतून आढळतात. इंग्रजीत ‘व्हेन’ आल्यावर ‘तेव्हा’चे काम त्यातच उरकते, ‘दॅट टाइम’ किंवा ‘देन’ यांची तेथे गरज नाही.

याहून अधिक घातक चूक कर्त्याविषयीची आहे. ‘शाळेत येताना त्याला साप चावला’ हे निर्दोष मराठी वाक्य होय. त्याचे शब्दशः रूपांतर ‘व्हाइल कमिंग टू स्कूल, अ स्नेक बिट हिम’ असे केले की इंग्रजी वाचकाला साप शाळेत येत होता असे वाटते. कारण ‘व्हाइल कमिंग’ यात कर्ता सांगितलेला नसला तर पुढील मुख्य वाक्याचाच कर्ता तेथे धरला जातो. म्हणून ‘अ स्नेक बिट हिम व्हाइल ही वॉज कमिंग टू स्कूल’ असे लिहावे, अथवा ‘ही वॉज बिटन बाय अ स्नेक व्हाइल कमिंग टू स्कूल’ अशी रचना करावी. ‘तो चालताना गातो’ यात कर्ता एकच असल्याने ‘ही सिंग्ज व्हाइल वॉकिंग’ हे वाक्य बरोबर आहे.

‘एकाच वेळी’ यासाठी ‘ॲट अ टाइम’ हा प्रयोग सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. ‘ॲट अ टाइम’ संख्येबरोबर येतो व त्याचा अर्थ ‘दर खेपेस’ असा होतो : ‘कम इन टू ॲट अ टाइम’, म्हणजे दोघे दोघे आत या. दोन घंटा एकदम वाजल्या असतील तर ‘द टू बेल्स रँग ॲट द सेम टाइम’ असेच म्हणावे. तुलना करावयाची झाल्यास पुढे ‘ॲज’ येते, ‘विथ’ नव्हे : ‘शी अराइव्ह्ड ॲट द सेम टाइम ॲज आय डिड’. क्षण नव्हे तर दिवस एक असेल तर तसे स्पष्ट सांगावे. महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये १ मे १९६० रोजी अस्तित्वात आली. तेथे ‘ऑन द सेम डे’ हा प्रयोग अधिक नेमका. ‘सायमल्टेनियसली’ हा भारदस्त शब्द प्राथमिक वर्गांत न आणणेच बरे.

‘-ताच’ या प्रत्ययाने मात्र फसू नये. ‘घंटा होताच मुले उठली’ यात क्रिया एकाच वेळच्या नसून लगोलगच्या आहेत. तेथे ‘ॲज सून ॲज’ योजावे. हा भेद विज्ञानाच्या पाठातील विजेच्या उदाहरणाने चांगला समजावता येतो. वीज चमकणे व गडगडाट उत्पन्न होणे या घटना जवळजवळ एकाच क्षणी घडतात. परंतु हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो, म्हणून एक किलोमीटरवरील गडगडाट आपणांस सुमारे तीन सेकंदांनी ऐकू येतो. घडण्याविषयी ‘ॲट द सेम टाइम’ म्हणावे; पाहण्याऐकण्याविषयी ‘वी सी द फ्लॅश बिफोर वी हिअर द थंडर’ असे म्हणावे.

तोंडी सरावासाठी एका मुलास फळ्यावर लिहावयास व एका मुलीस वाचावयास सांगावे. दोघांचे काम चालू असता वर्गाने ‘व्हाइल’चे वाक्य बोलावे. इतक्यात तिसऱ्याने दार वाजवावे. मग वर्गाने ‘व्हेन’चे वाक्य बोलावे. ‘जसजसे–तसतसे’ या अर्थाचा ‘ॲज’ (उदा. ‘ॲज वी क्लाइम्ड, द विंड ग्रू कोल्डर’) कारणही दर्शवितो व मुलांचा गोंधळ करतो, तो सहावी-सातवीपर्यंत राखून ठेवावा.