हवेचा पाइप केवढा घ्यावा?

मौदा गाव नागपूर-भंडारा रस्त्यावर आहे. या रस्त्याने रात्रंदिवस ट्रक धावतात. ट्रक आला की टायर आला. टायर आला की हवा आली.

समजा, एका भावाने घराच्या पडवीत कॉम्प्रेसर बसवला. टायरचे काम रस्त्याकडेला, ५० फुटांवर. मधे त्याने आतून पाव इंच अशी बारीक नळी टाकली. पण चाकाचे नट खोलायची हवेची गन जोर धरीना. त्याने जुन्या मिस्त्रीला विचारले.

“काका, टाकीचा काटा १२० पौंड दाखवते. मंग गनले जोर काहून नाही जी?”

“टाकीचा काटा नको पाहू, बापू. गनजवळ काटा लाव. अन् गन चालू ठेवून पाहा.”

काटा लावला. गन बंद असताना १२० पौंड. गन चालू होताच ८८!

“३२ पौंड गेले कुठं, काका?”

“नळीनं खाल्ले!”

मिस्त्रीचे म्हणणे खरे आहे. हवा वाहताना नळीच्या भिंतीला घासते. त्यात तिचा दाब खर्च होतो. हवा थांबली की घासणे थांबते, म्हणून काटा पुन्हा वर जातो.

बांधीत पाणी न्यायला पाट अरुंद केला तर काय होते? तसेच येथे होते.

आता हिशेब पाहा. पाव इंचाऐवजी अर्धा इंच नळी घेतली. रुंदी दुप्पट झाली. पण हवेला जायची वाट चौपट झाली. हवा सावकाश जाते, घासणे फार कमी होते. तितकीच हवा नेली तर दाबाची घट सुमारे बत्तीसावा हिस्सा उरते. म्हणजे ३२ पौंडांच्या जागी १ पौंड!

नळीची लांबी दुप्पट केली तर घटही दुप्पट होते. प्रत्येक वळणही थोडा दाब खाते.

म्हणून कॉम्प्रेसर २ हॉर्सपॉवरचा आणि अंतर ५० फूट असेल, तर अर्धा इंची पाइप पुरतो. अंतर १०० फूट असेल किंवा दोन गन चालवायच्या असतील, तर पाऊण इंची घ्यावा. शेवटची रबरी नळी मात्र आखूड ठेवावी. ती बारीक आणि लांब असेल तर मोठा पाइप घालून उपयोग नाही.

हवेत ओल असते. तिचे पाइपात पाणी होते. पाइपाला थोडा उतार द्यावा. खालच्या टोकाला तोटी बसवावी. टाकीचे पाणी रोज काढावे.

शेतातला पी.व्ही.सी. पाइप स्वस्त म्हणून हवेला कधीच लावू नका. पाणी दाबले जात नाही, म्हणून पाण्याचा पाइप फुटला तर बहुधा गळतो. हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाइप फुटताच तुकडे सुरीसारखे उडतात. डोळा जातो, जीवही जातो. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप घ्यावा. चार पैसे वाचवायला डोळा गमावू नये.

सांगा पाहू :
१. गन बंद असताना काटा पुरा दाब का दाखवतो?
२. नळीची रुंदी दुप्पट केली तर दाबाची घट किती उरते?
३. पी.व्ही.सी. पाइप हवेला का लावू नये?