राज्याभिषेकाचा वार कोणता?

प्रश्न : शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, शनिवारी झाला असे पुस्तकात वाचले. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मागे जाऊन पाहिले, तर त्या तारखेला बुधवार दिसतो. चूक कोणाची?

उत्तर : कोणाचीच नाही. मोबाइल ग्रेगोरियन तारखा दाखवतो, आणि ही ६ जून जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. सोहळ्याला रायगडावर हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याच पद्धतीच्या तारखा वापरत होता.

आधी बुधवार पडताळू. कागद-पेन्सिल पुरे. ६ जून २००० ला मंगळवार होता. ग्रेगोरियन पद्धतीत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात आणि त्यांना सातने पूर्ण भाग जातो. म्हणून दर ४०० वर्षांनी वार जसेच्या तसे परत येतात. ६ जून १६०० लाही मंगळवारच. तिथून १६७४ पर्यंत ७४ वर्षे. ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस, त्यामुळे वार दर वर्षी एकाने पुढे सरकतो. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने. १६०४ ते १६७२ लीप वर्षे १८. चौऱ्याहत्तर आणि अठरा, ब्याण्णव. सातने भागून बाकी एक. मंगळवारच्या पुढचा बुधवार.

आता शनिवार. ज्युलियन पद्धतीत चारने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप, म्हणजे सरासरी वर्ष ३६५.२५ दिवसांचे. ऋतूंचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. एवढ्याशा फरकाचा १२८ वर्षांत अख्खा दिवस होतो! म्हणून १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दहा तारखा गाळल्या : ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार. शिवाय नियम केला, की शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच ते लीप. म्हणून १६०० आणि २००० लीप. १७००, १८००, १९०० नाहीत, २१०० ही नसेल. इंग्लंडने हे १७५२ पर्यंत मानले नाही. तेव्हा इंग्रजांची ६ जून १६७४ म्हणजे ग्रेगोरियन १६ जून. बुधवारपासून दहा दिवस पुढे मोजा, शनिवार येतो. तारखा गाळल्या तरी वारांची साखळी कुठेच तुटली नव्हती, म्हणून तर हा मेळ बसतो.

अभ्यासकांना जेधे शकावलीत मात्र शुक्रवार सापडेल, आणि तोही बरोबर आहे. शकावली सांगते, की महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटे बाकी होती. इंग्रजांचा वार मध्यरात्रीच बदलून शनिवार झाला होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, आणि सूर्य अजून उगवायचा होता.