जुन्या टर्नटेबलाचा जीर्णोद्धार

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर रेकॉर्ड वाजविण्याचें एखादें जुनें यंत्र धूळ खात पडलेलें असतें, आणि त्याच्याच शेजारीं वाडवडिलांनीं हौसेनें जमविलेल्या तबकड्यांची पेटी असते. अलीकडे या तबकड्यांची आवड पुन्हा वाढली आहे. त्यामुळें तें यंत्र खालीं काढून चालू करावें असें घरांतील मुलांस वाटूं लागतें. ही इच्छा स्तुत्य आहे, परंतु तींत एक धोका आहे. यंत्र बिघडलें तर दुरुस्त होतें. तबकडी बिघडली तर ती कायमची बिघडते. म्हणून हातीं असलेले थोडेसे पैसे प्रथम कोठें खर्च करावे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

तबकडीच्या पृष्ठभागावर एकच अखंड चर बाहेरून आंत वळत गेलेला असतो. त्या चराच्या दोन्ही भिंतींच्या नागमोडी वळणांत ध्वनि कोरलेला असतो. सुई त्या भिंतींस स्पर्श करीत जाते आणि थरथरते. तिची ही थरथर कार्ट्रिज नांवाच्या लहानशा पेटींत विजेच्या लहरींचें रूप घेते. अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें १९४८ सालीं बाजारांत आणलेली लाँग-प्ले तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. तिच्या एका बाजूस सुमारें २० मिनिटें गाणें असतें, आणि तेवढ्या वेळांत सुईस जवळजवळ ४३० मीटर वाट चालावी लागते. हिऱ्याच्या साध्या सुईच्या टोंकाची त्रिज्या सुमारें १८ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या चतुर्थांशाएवढी असते. असल्या टोंकावर दोन ग्रॅम भार ठेवला, तरी तो इतक्या अल्प जागेवर पडतो कीं, दर चौरस सेंटिमीटरास शेंकडों किलोग्रॅमांहून अधिक दाब होतो.

आतां हें टोंक झिजून त्यास धार आली आहे, अशी कल्पना करा. तें चरांतून चालत नाहीं. चर तासीत जातें. लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या मिश्रणांत कठीण भुकटी घातलेली असे व ती पोलादी सुईसच झिजवी. म्हणून दर बाजूस नवी सुई लावीत. लाँग-प्ले तबकडी मऊ व्हिनाइलची आणि सुई हिऱ्याची; येथें हार तबकडीची होते. माझ्या घरीं नाट्यगीतांची एक तबकडी होती. ती आम्हीं झिजलेल्या सुईनें कित्येक वर्षें वाजविली. पुढें नवी सुई आणली, दुसऱ्या तबकड्या स्वच्छ वाजूं लागल्या. पण त्या एकीतील प्रत्येक 'स' आणि 'श' अजूनहि करवतीसारखा येतो. दोष सुईचा राहिला नव्हता. आम्हीं तो तबकडीवर कोरून ठेविला होता.

यावरून पहिला खर्च सुईचा, हें उघड आहे. या मतास थोर विरोधक आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील लिन कंपनी १९७३ पासून एकच टर्नटेबल बनवीत आली आहे, आणि तिचे नवे भाग जुन्या यंत्रांस बसवून घेतां येतात. तिची शिकवण अशी कीं, प्रथम थाळी व तिचा आंस, मग टोनआर्म, आणि शेवटीं कार्ट्रिज सुधारावें. ज्याच्यापाशीं उत्तम सुई आधींच आहे व पैसाहि मुबलक आहे, त्यानें हें अवश्य ऐकावें. गरिबाचा क्रम उलटा असतो. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत जी सोनेरी तबकडी पाठविली, तींत गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तिच्याबरोबर फिरती थाळी पाठविली नाहीं. कार्ट्रिज आणि सुई मात्र पाठविली, व ती कशी ठेवावी याची आकृति वेष्टनावर काढून दिली. थाळी ज्याची त्यानें फिरवावी, पण सुई हवीच!

सुई विकत घेतांना एक युक्ति लक्षांत ठेवावी. कांहीं कार्ट्रिजांची सुई ओढून काढतां येते आणि त्याच पेटीस अधिक चांगली सुई लावतां येते. ऑर्टोफोन कंपनीच्या '२एम रेड' या स्वस्त कार्ट्रिजास तिच्याच 'ब्ल्यू'ची सुई बसते. ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या 'व्हीएम ९५' मालिकेंतहि अशीच सोय आहे. आज साधी घ्यावी, दोन वर्षांनीं पैसे सांठले म्हणजे केवळ सुई बदलावी. गोल टोंकाच्या सुईपेक्षां लंबगोल टोंकाची सुई बारीक वळणें नीट वाचते. याचा उपयोग तबकडीच्या शेवटास अधिक होतो. कारण बाहेरच्या फेऱ्यांत चर सुईखालून सेकंदास सुमारें ५१ सेंटिमीटर सरकतो, तर अगदीं आंत तो केवळ २१ सेंटिमीटर. तितकेच स्वर निम्म्याहून कमी जागेंत दाटीनें बसविलेले असतात.

यंत्र फारच जुनें असेल तर त्यांत स्फटिकाचें कार्ट्रिज असण्याचा संभव आहे. तो स्फटिक रोशेल क्षाराचा असेल, तर दमट हवेंत पाणी शोषून निकामी होतो. कोंकणांतील पावसाळ्यांत त्याची काय गत होत असेल तें सांगावयास नकोच. शिवाय अशीं कार्ट्रिजें पांच-सहा ग्रॅम भार मागतात, आणि एकच मार्ग वाचण्यासाठीं बनविलेलीं पुष्कळशीं वरखालीं लवत नाहींत. त्यामुळें स्टीरिओ तबकडीस इजा होते. अशा यंत्राचा टोनआर्म तीन ग्रॅमांच्या आंत नीट चालत नसेल, तर त्यावर पैसे घालूं नयेत. तें शोभेस ठेवावें आणि त्याच पैशांत दुसरें वापरलेलें यंत्र पाहावें.

यापुढील बहुतेक कामें बिनखर्चाचीं आहेत. पाणसळ ठेवून यंत्र समपातळींत आणावें. टोनआर्मच्या मागील वजन फिरवून तो आधीं हवेंत आडवा तरंगेल असा करावा, आणि मग सुईच्या कर्त्यानें सांगितलेला भार द्यावा. वरील 'रेड'ला तो १.८ ग्रॅम आहे. ग्रॅमाचा दशांश दाखविणारा लहान कांटा मिळाला तर उत्तमच. येथें एक सर्वसाधारण चूक होते. भार जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित, असें वाटून लोक तो एका ग्रॅमावर आणतात. वास्तविक हलकी सुई मोठ्या स्वरांत चरांतून उडते व परत येऊन भिंतींवर आपटते. थोड्या अधिक भारापेक्षां हें वाईट.

दुसरें काम कोनाचें. तबकडी कोरणारें यंत्र सरळ रेषेंत सरकतें, टोनआर्म मात्र खुंट्याभोंवतीं कमानींत फिरतो. म्हणून सुई सर्वत्र चराच्या दिशेंत राहूं शकत नाहीं. लोफग्रेन यांनीं १९३८ मध्यें व बेअरवाल्ड यांनीं १९४१ मध्यें गणित करून ही चूक कमींत कमी कशी राहील तें दाखविलें. त्यावरून हल्लीं सामान्यतः मध्यापासून ६६ व १२१ मिलिमीटरांवर कार्ट्रिज अगदीं सरळ बसवितात. त्यासाठीं कागदावर छापलेला नकाशा पुरतो; मात्र छपाईंत त्याचें माप बदललें नाहीं ना, हें पट्टीनें तपासावें.

तिसरें काम गतीचें. रबरी पट्टा सैल झाला असेल तर नवा घालावा. तो महाग नसतो. मग गति पाहण्यास एक सुंदर साधन विद्यार्थ्यांना स्वतःच करतां येईल. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची असल्यानें निऑनचा लहान दिवा सेकंदास १०० वेळां, म्हणजे मिनिटास ६००० वेळां चमकतो. ६००० ला ३३⅓ नीं भागिलें असतां १८० येतात. कागदाच्या चकतीवर सारख्या अंतरानें १८० रेषा काढून ती फिरत्या थाळीवर ठेवावी. त्या दिव्याखालीं रेषा स्थिर दिसल्या तर गति बरोबर. फिरण्याच्या दिशेनें सरकल्या तर अधिक, उलट सरकल्या तर कमी. एलईडी दिव्यांपैकीं पुष्कळ असे लुकलुकत नाहींत, म्हणून ते घेऊं नयेत.

कोणा नातलगानें अमेरिकेहून आणलेलें यंत्र असेल तर विशेष सावध राहावें. ट्रान्सफॉर्मर लावून विजेचा दाब उतरतो, पण आवर्तनें ६० चीं ५० च राहतात. मोटर आवर्तनांवर चालणारी असेल तर तबकडी पांच-षष्ठांश गतीनें फिरते, आणि काळी चारमध्यें गाणारी गायिका पांढरी चारमध्यें, गळा बसल्यासारखी ऐकूं येते. मोटरीवरील कप्पी बदलली म्हणजे हा दोष जातो.

चुंबकाच्या कार्ट्रिजाची वीज अवघी चार-पांच सहस्रांश व्होल्ट असते. ती वाढविण्यास, आणि कोरतांना मुद्दाम कमी केलेले खर्जाचे स्वर पूर्ववत् करण्यास फोनो-प्रीअँप लागतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मापाचा साधा प्रीअँप पुरे आहे. महाग तारा आणि कांचेचे गालिचे दुकानांतच राहूं द्यावे. तबकडी मऊ ब्रशानें पुसावी; लाखेच्या तबकडीस स्पिरिट मात्र कदापि लावूं नये, कारण त्यांत लाख विरघळते.

शेवटीं यंत्राच्या झांकणांत एक लहानशी वही ठेवावी व वाजविलेल्या प्रत्येक बाजूस तींत एक रेघ ओढावी. तीन बाजूंचा सुमारें एक तास होतो. पंधराशें रेघा, म्हणजे पांचशें तास भरले कीं, सुईचें टोंक भिंगाखालीं पाहावें, आणि शंका आली तर नवी येईपर्यंत तबकड्या पेटींतच राहूं द्याव्या.